शनिवारच्या वाचनाला वारस नाही

मी, राजमती रामगोंडा पाटील, वय ७६, राहणार मौजे कुमठाळे, तालुका मिरज, जिल्हा सांगली, धंदा शेती आणि बोलणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या शब्दांत लिहून ठेवते. मिरजेच्या वकिलांनी छापील नमुना दिला होता. त्यात नाव घालायला जागा होती, माणूस घालायला नव्हती. तो परत केला, फक्त कलमांची पद्धत ठेवली.

माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तपासताना त्यांनी विचारले, "आज्जी, आज वार कोणता?" मी म्हणाले, "शुक्रवार. उद्या वाचनाला या. राजाने कायदा मोडला तर प्रजेने काय करायचे, तिथपर्यंत आलोय." त्यांनी पुढचा प्रश्न न विचारता सही केली. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणू शकेल असा माणूस कुमठाळ्यात असेल तर त्याने अजून मला तोंड दाखवलेले नाही.

कलम १. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. बऱ्याच सभांत मी "हे माझे शेवटचे भाषण" असे म्हटले आहे. ते कोणी धरू नये.

कलम २. माझे यजमान रामगोंडा वारले. ते तासगावच्या बेदाण्याचे व्यापारी, बोलायला कमी, ऐकायला पक्के. मला एकच मुलगा, भरतेश. त्याचा कुपवाडला कारखाना आहे. सून स्वप्नाली. नात ब्राह्मी, कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला. याखेरीज मला कायदेशीर वारस नाही. बेकायदेशीर वारस पुष्कळ आहेत. ते दर शनिवारी दुपारी चारला माझ्या घराच्या पुढच्या सोप्यात जमतात. हे मृत्युपत्र मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

कलम ३. कृष्णाकाठची उसाची जमीन आणि तासगाव तालुक्यातली द्राक्षबाग, दोन्ही माझ्या नावची खरेदी, भरतेशला द्यावी. एक गोष्ट मात्र लिहून ठेवते. आमच्या पाणी संस्थेत पूर्वी पाण्याची पाळी लावणारा, पाळी मोडली म्हणून दंड करणारा आणि दंडाची तक्रार ऐकणारा एकच माणूस होता. नियम करणारा, तो राबवणारा आणि न्याय देणारा ही तीन माणसे वेगळी हवीत, हे परदेशातल्या लोकांनी राजांचे फटके खाऊन शोधले आणि लिहून ठेवले. आम्ही ते वाचले आणि पाणी संस्थेला लावले. आता पाळी चिठ्ठ्या टाकून निघते आणि तक्रार वेगळी समिती ऐकते. भरतेशने या बदलाविरुद्ध मत दिले होते, कारण जुना पाळीवाला त्याचा मित्र. तरी जमीन त्यालाच देते. चिठ्ठीत निघेल ती पाळी त्याने मुकाट्याने घ्यावी.

कलम ४. पाटल्या आणि तोडे स्वप्नालीला. माझी मोहनमाळ ब्राह्मीला. जीपवर बांधायचा कर्णा आणि त्याचे यंत्र सुभेदार केरबा यादव यांना. माझ्या सरपंचपदाच्या निवडणुकीत जीप त्यांनी हाकली, बोलले मी. फौजेतून आलेला माणूस, घोषणा द्यायला लाजायचा. "आक्का, आम्हाला ऑर्डर द्यायची सवय हाय, मत मागायची न्हाई." मी म्हणाले, "सुभेदार, ऑर्डर ज्याने द्यायची त्याला आता आपण निवडायचंय. कर्णा सरळ धरा." कर्णा त्यांनी सरळ धरला. तो त्यांचाच.

कलम ५. आता घर. मागचे सगळे घर भरतेशला. पुढचा सोपा, त्याला लागून असलेली खोली, रस्त्याकडचा दरवाजा आणि खोलीतले शिसवी कपाट पुस्तकांसह शनिवारच्या वाचनमंडळाला, कायमचे. भरतेशला हे पटलेले नाही. तो मागच्या महिन्यात म्हणाला, "आई, सोपा देऊन टाकलास तर उद्या हे घर कोण विकत घेणार?"

"कोणी नाही. म्हणूनच देते."

"पुस्तकं मी नेतो ना कुपवाडला. आपल्याच घरात राहतील."

त्या कपाटाची हकीकत त्याला माहीत आहे, पण कागदावर हवी. माझे लग्न झाले तेव्हा मी मॅट्रिक होते आणि वक्तृत्वाच्या स्पर्धांत ढाली मिळवलेली मुलगी होते. यजमान बेदाण्याच्या वसुलीला साताऱ्याला गेले असता एका वाड्यापुढे हातगाडीवर पुस्तके लादलेली दिसली. साताऱ्यातले एक मोठे वकील. त्यांच्या आजोबांनी हे पुस्तकांचे धन जमवायला सुरुवात केली, वडिलांनी वाढवले, वकिलांनी जपले. तिघांच्या हयातीत घराबाहेरच्या माणसाला त्यातले पान उलटू दिले नाही. वकील गेल्यावर मुलांनी कपाटासकट सगळे रद्दीवाल्याला तोलून दिले. यजमानांनी हातगाडी तशीच वळवली आणि ट्रकमध्ये बेदाण्याच्या पेट्यांवर पुस्तके रचून कुमठाळ्याला आणली. मला म्हणाले, "तू सारखी भांडत असतेस. ह्यात भांडायला माणसं मिळतील."

आणि मिळाली! त्या कपाटात राज्य कोणी करावे यावर दोन-अडीच हजार वर्षे चाललेले भांडण होते. समुद्रकाठच्या नगरांत चौकात जमून कायदे करणारे आणि त्या जमावाला नावे ठेवणारे. राजाने हेर कसे पेरावे, खजिना कसा राखावा हे सांगणारे आपल्याकडचे मंत्री. किल्ला, दारूगोळा, वतन यांवर धन्याला चार शब्द सुनावणारे मराठी कारभारी. राजा देवाने पाठवला म्हणणारे. राजाला प्रजेने नेमले म्हणून प्रजा काढू शकते असे म्हणणारे, आणि तेवढ्यासाठी देशोधडीला लागलेले. काही संस्थानांनी छापलेली जुनी मराठी भाषांतरे, बाकी इंग्रजी. इंग्रजी मी कोश मांडीवर घेऊन शिकले. एका पानाला एक दुपार जायची. आता एका दुपारी मी एका राजाला सिंहासनावरून उतरवू शकते.

आमच्यात चार दाने सांगितली आहेत: आहार, औषध, शास्त्र आणि अभय. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, शास्त्र जमिनीवर ठेवत नाहीत, चौरंगावर ठेवून मोठ्याने वाचतात. मी तीच रीत सोप्यात लावली. पहिल्याच शनिवारी बस्तीतले पंडित दारात येऊन उभे राहिले. "राजकारणाचं पुस्तक चौरंगावर? आक्का, हे शास्त्र होय का?" मी म्हणाले, "पंडितजी, जे ऐकून माणूस भ्यायचा थांबतो ते शास्त्रच. त्यात अभयदानही आलं. आत या." ते आत आले नाहीत, पण पायरीवर बसून शेवटपर्यंत ऐकले.

म्हणून भरतेशला मी सांगितले आणि इथे पुन्हा लिहिते: तीन पिढ्यांच्या मालकीने त्या पुस्तकांना हातगाडीपर्यंत आणले. मला चौथी पिढी नको. मी जन्मभर घराणेशाहीविरुद्ध घसा फोडला. आमदारकी बापाकडून मुलाकडे, कारखाना काकाकडून पुतण्याकडे, सोसायटी सासऱ्याकडून सुनेकडे. आणि मी मेल्यावर राज्यशास्त्राची पुस्तके वारसाहक्काने पाटलांच्या घरात? माझ्या चितेवर लोक हसतील, आणि त्यांचे हसणे रास्त असेल.

कलम ६. जुनी भांडणे. मृत्युपत्रात लोक ती मिटवतात. माझे भांडण मिटलेले नाही, पण ते मी जिंकले आहे, आणि ते नीट लिहून ठेवण्याचा मला हक्क आहे.

बस्तीत पंचकल्याणकाच्या पूजेला पहिला कलश कोणी ढाळायचा हे बोलीने ठरते. आम्ही त्याला सवाल म्हणतो. जो जास्त बोलेल त्याला मान, रक्कम बस्तीला. जुनी, चांगली रीत. गावातल्या कोण्या हुशाराच्या डोक्यात आले की सरपंचपदाचेही असेच करावे. निवडणुकीत भांडणे होतात, भाऊबंदकी पेटते, त्यापेक्षा जो गावाच्या सभामंडपाला जास्त देईल तो सरपंच आणि सगळी पंचायत बिनविरोध. दोन खेपा असेच झाले. जैन, मराठा, धनगर, सगळे खूश. तालुक्यात आमच्या एकीचा दाखला देत होते. तरण्या पोरांना पंचायतीच्या मतदानाची शाई बोटाला कशी लागते ते माहीत नव्हते.

२०१७ साली तिसऱ्यांदा बोली लागली. लालासाहेब आकाराम जमदाडे, उसाचे मोठे बागायतदार, यांची बोली सगळ्यांच्या वर गेली. एक वार झाला, दोन वार झाला, आणि मी उठून उभी राहिले. लोकांना वाटले मी वर बोलणार.

मी म्हणाले, "मंडळी, बस्तीत बोली लावणारा पैसे देतो आणि त्याच्या हातात उरतं काय? रिकामा कलश. म्हणून ती बोली पवित्र. इथं बोली लावणाऱ्याच्या हातात उरणार आहे शिक्का, दप्तर आणि तिजोरी. देऊन मोकळा होतो तो दाता. देऊन वसूल करतो तो व्यापारी. जगात जिथं जिथं पदं विकली गेली, तिथं तिथं विकत घेणाऱ्यानं ती प्रजेच्याच पाठीवर फेडून घेतली. हे मी नाही सांगत, दोन हजार वर्षांची रडगाणी माझ्या कपाटात आहेत, येऊन बघा!"

लालासाहेब म्हणाले, "आक्का, पैसा काय मी घरी न्हेनार हाय व्हय? सभामंडपालाच देनार हाय की."

"आणि पाच वर्षांत तोच सभामंडप आमच्या पाणीपट्टीतून घरी न्याल."

हशा झाला. त्यांचा चेहरा लाल झाला. "मग तुमीच लावा की बोली! लय वाचलंय न्हवं?"

"मी बोली लावत नाही. मी उद्या मिरजेला जाऊन अर्ज भरते."

एक म्हातारा कळवळून म्हणाला, "आगं राजमती, गावाची एकी मोडतीस." मी म्हणाले, "आप्पा, एकी म्हणजे सगळ्यांनी मिळून ठरवणं. सगळ्यांनी मिळून गप्प बसणं म्हणजे एकी नव्हे."

मग पंधरवडाभर गल्लोगल्ली वाचन झाले. मी प्रचारपत्रक छापले नाही. चौरंग जीपमध्ये टाकायचा, चौकात मांडायचा, एक पान वाचायचे आणि म्हणायचे, आता भांडा माझ्याशी. समाजमंदिरापुढे शालूबाई कांबळे यांनी मला जे धरले ते मी विसरणार नाही. मी त्या समुद्रकाठच्या नगरांतल्या लोकसभेचे गोडवे गात होते.

शालूबाईंनी विचारले, "आवं आक्का, तितं बायकांस्नी मत हुतं का?"

"नव्हतं."

"आन राबनाऱ्या गुलामांस्नी?"

"नव्हतं."

"बरं, आपल्या हितल्या पोथ्यांत आमच्या मान्सांस्नी कुठं बसिवलंय?"

"वेशीबाहेर. आणि एकाच गुन्ह्याला जातीपरत्वे वेगळा दंड."

"मग ह्यास्नी चौरंगावर कशापायी बसिवताय? चुलीत घाला."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणाले, "शालूबाई, चुलीत घातलं तर त्यांनी काय केलं ते विसरून जाऊ, आणि कोणीतरी तेच पुन्हा नवं म्हणून विकेल. ह्यांना समोर बसवायचं ते पाया पडायला नाही. जाब विचारायला."

शालूबाई पदर खोचून म्हणाल्या, "मग म्या येते. पर म्या जाबच इच्यारनार, मान हालवनार न्हाई." त्या दिवसापासून वाचनाला विरोधाची जागा आहे.

निवडणूक झाली. कुमठाळ्यात इतके मतदान कधी झाले नव्हते. चाकाच्या खुर्चीवरून आले, कुबड्यांवर आले, मेढ्याला दिलेल्या लेकी मतदारयादीत नाव इथेच राहिले म्हणून एसटीने आल्या. मी भरघोस मतांनी निवडून आले. गुलाल मी लावून घेतला, खोटे कशाला सांगू, कपाळभर लावून घेतला. पाच वर्षे ग्रामसभा खरी भरवली. त्याआधी ती घरोघर सह्या गोळा करून कागदावर भरत असे. पाच वर्षांनी मी पुन्हा उभी राहिले नाही. पद ही परत करायची वस्तू आहे. २०२२ च्या निवडणुकीत चार उमेदवार होते. चार! मला निकालापेक्षा त्या आकड्याचा आनंद जास्त झाला.

लालासाहेब हरल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी पाच-सहा माणसे घेऊन सोप्याच्या दारात आले. पोरांना वाटले आता मारामारी होते. मी म्हणाले, "हरलेल्या पक्षाला सभेत जागा असते. या, बसा." ते म्हणाले, "बसतो. पर तुमी वाचा, मी चुका काढतो." आठ वर्षे काढत आहेत. पहिली दोन वर्षे त्यांनी काढलेल्या चुका चूक होत्या. आता निम्म्या बरोबर असतात.

कलम ७. वाचनमंडळ असे चालावे. वाचन शनिवारी चारला सुरू, सूर्यास्ताच्या आत बंद, कारण जैन मंडळींना दिवस असताना जेवायचे असते आणि उपाशी माणूस वाद नीट घालत नाही. वाचनप्रमुख एका वर्षासाठी, दर जानेवारीत, हजर वाचकांच्या मताने; पहिली निवड येत्या जानेवारीतच, मी असले तरी. कपाटाची किल्ली वाचनप्रमुखाकडे नसावी, दुसऱ्याकडे असावी. प्रत्येक वाचनाला विरोधाच्या जागेवर एक माणूस बसवावा. कोणी तयार नसेल तर त्या दिवशी वाचन करू नये. पुस्तक घरी न्यायला गावातल्या कोणालाही मोकळीक आहे. फाटले तर फाटले. कपाटात शाबूत राहण्यापेक्षा वाचून फाटलेले बरे. बोलताना जातीवरून, बाईवरून, गरिबीवरून टोमणा मारणाऱ्याला त्या दिवसापुरते पायरीवर बसवावे. राजावर, आमदारावर, माझ्यावर आणि मयत ग्रंथकारांवर टोमणे चालतील.

कलम ८. ब्राह्मीला पुस्तकांवर कोणताही हक्क देत नाही. हे कलम लिहिणे अवघड गेले, म्हणून कारण देते. ती माझ्यापेक्षा चांगली वाचते. मी वाचते तेव्हा लोक माझ्याकडे बघतात. ती वाचते तेव्हा लोक पुस्तकाकडे बघतात. शनिवारी कराडहून एसटीने येते, पाठीवरची बॅगही न उतरवता चौरंगापुढे बसते. तिला मनातून वाचनप्रमुख व्हायचे आहे आणि माझ्याही मनात दुसरे कोणी नाही. मी तिला विचारले, "तुला काहीच ठेवत नाही, राग आला?"

"आला."

"मग?"

"मग काय, आज्जी. तूच शिकवलंस. राग आला की मुद्दा मांडायचा. मुद्दा सापडला की सांगते."

कलम ९. खोडले आहे. कारण कलम १० मध्ये.

कलम १०. शनिवार, दिनांक २२ नोव्हेंबर २०२५ रोजी मी या मृत्युपत्राचा मसुदा पुस्तकाच्या जागी चौरंगावर ठेवला आणि सगळ्यांसमोर वाचला. राज्याचा मूळ कायदा प्रजेपुढे न वाचता लागू करणाऱ्यांना आम्ही इतकी वर्षे शिव्या घालत होतो, मग माझा कायदा तरी चोरून का लागू व्हावा? सोपा भरला होता, रस्त्यावर माणसे उभी होती. आठ कलमे शांतपणे ऐकली. कर्ण्याच्या कलमाला केरबांनी सॅल्यूट ठोकला. मग मी नववे कलम वाचले: "माझ्या रक्तातील कोणीही व्यक्ती माझ्या पश्चात तीन पिढ्यांपर्यंत वाचनप्रमुख होणार नाही."

मला टाळ्यांची अपेक्षा होती. माझ्या मते त्या मसुद्यातले ते सर्वांत तेजस्वी वाक्य होते. लालासाहेब उठले.

"आक्का, नववं पुन्यांदा वाचा."

वाचले.

"म्हंजे तुमी गेल्यावर बी आमी कुनाला निवडायचं आन कुनाला न्हाई, ते तुमीच ठरिवनार?"

"मी कुणाला निवडा म्हणत नाही. माझ्या घरातला नको, एवढंच म्हणते. घराणेशाही नको."

"बिनमताचं आलं तर घरानं. मत मागून आला त्यो उमेदवार. त्याला कसलं आलंय घरानं?"

"मत नावावर पडतं, लालासाहेब. पाटलाची नात म्हणून पडेल."

"मग आमी येडी हाय व्हय?" त्यांनी सगळ्या सोप्यावर हात फिरवला. "आठ वरसं ऐकून बी आमास्नी नाव आन मानूस येगळं कळत नसंल, तर बोलवा त्यो हातगाडीवाला आन घाला ह्ये कपाट रद्दीत!"

सोपा हसला. मी हसले नाही. मी उभी राहिले आणि बोलले. मला वाटते, आयुष्यातले उत्तम भाषण मी परवा केले. घरातून घरात गेलेल्या गाद्या, त्यांवर बसलेले नालायक, त्यांच्या पायी बुडालेल्या प्रजा, सगळे एकापाठोपाठ एक आणून सोप्यात उभे केले. पोरे तोंड उघडे टाकून बघत होती. मी बसले तेव्हा मला खात्री होती.

मग विरोधाच्या जागेवरून शालूबाई बोलल्या. त्या उठल्यासुद्धा नाहीत. "आक्का, झ्याक बोललासा. पर गेल्या म्हैन्यात काय वाचलं हुतं? गेलेल्या मान्सांनी जित्यांच्या हातापायात दोऱ्या बांधायच्या न्हाईत म्हून. तवा तुमी सोता म्हनला, ह्ये पान सोन्यात मढवा. मग आता? तुमी गेल्याव आमच्यावर राज्य करनार का न्हाई?"

मला उत्तर सुचले नाही. हे माझ्या मुलाने, वकिलांनी आणि कुमठाळ्यातल्या प्रत्येकाने नीट वाचावे. राजमती पाटलांना उत्तर सुचले नाही.

केरबा घड्याळ दाखवत म्हणाले, "आक्का, टाइम हो गया. दिवस मावळायला आलाय." मी मत घेतले. कलमाच्या बाजूने थोडे हात वर झाले. त्यात एक हात ब्राह्मीचा होता.

मी म्हणाले, "तू? हे कलम तुझ्याविरुद्ध आहे."

"माहितीये. पण मला तुझ्या नावावर एकपण मत नकोय, आज्जी. मग कलमच असू दे."

बाकी सगळा सोपा, पायरी आणि रस्ता कलमाविरुद्ध. मी हरले. कलम पडले. आणि लालासाहेब ब्राह्मीकडे वळले. हा तोच माणूस, ज्याने पैसे मोजून बिनविरोध पद मागितले होते.

"पोरी, लय ताठा बरा न्हवं. जानेवारीत हुबी ऱ्हा. तुला वाटतंय मतं आज्जीच्या नावावर पडतील? मग ऐक, तुझ्याविरुद्ध मी हुबा ऱ्हातोय. बिनविरोध काय हू देत न्हाई. पाडतोच तुला."

ब्राह्मी तिथल्या तिथे म्हणाली, "लालाकाका, तुम्हाला अजून दोन जोडाक्षरं एका दमात वाचता येत नाहीत. वाचणार काय?"

"शिकतो की! म्हैना हाय!"

सोप्यात जो कल्ला उठला तो कृष्णेच्या पलीकडे गेला असेल. मी मात्र भिंतीला टेकून ते दोघे बघत होते. एक मते मागायला निघालेली, एक तिला पाडायला निघालेला. मधे मी कोणीच नव्हते. कुणी माझ्याकडे बघतही नव्हते. असा अपमान माझ्या कोणत्याही शत्रूला जमला नव्हता, आणि त्या क्षणी मला जो आनंद झाला तो गुलालाच्या दिवशीही झाला नव्हता. मी पेन घेतले आणि सगळ्यांसमोर नववे कलम आडवी रेघ मारून खोडले. जानेवारीत कोण निवडून येतो ते मी असेन तर बघेन. नसेन तर तो माझा प्रश्न नाही, हे आता मतदानाने ठरले आहे.

कलम ११. माझ्या शोकसभेत स्तुती करणारे पुष्कळ मिळतील. नियमाप्रमाणे एकाने विरोधात बोलावे. त्याला वेळेची मर्यादा घालू नये.

कलम १२. या मृत्युपत्राची अंमलबजावणी सुभेदार केरबा यादव यांनी करावी. साक्षीदारांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. म्हणूनच लालासाहेब आणि शालूबाई यांना मी काही ठेवले नाही. मला त्यांच्या सह्या हव्या होत्या. माझ्यासाठी खोटी सही करणार नाहीत अशी गावात ही दोनच माणसे मला ठाऊक आहेत.

वर लिहिलेले सर्व मी वाचले, समजले, कलम नऊ सोडून सर्व माझ्या इच्छेप्रमाणे आहे. कलम नऊ वाचकांच्या इच्छेप्रमाणे आहे.

ठिकाण: कुमठाळे
दिनांक: २४ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार:
राजमती रामगोंडा पाटील (सही)

साक्षीदार १:
शालूबाई कांबळे, रा. कुमठाळे. आक्कांनी माझ्यासमोर सही केली, मी त्यांच्यासमोर केली. सगळं वाचून घेतलं, मगच केली. (सही)

साक्षीदार २:
लालासाहेब आकाराम जमदाडे, रा. कुमठाळे. सही माझ्यासमोर झाली. कलम नऊची खाडाखोडही माझ्यासमोर झाली, आणि माझ्या मागणीवरून झाली, हे वेगळे नोंदवावे. कलम सहामधील माझ्याबद्दलच्या मजकुराला माझी हरकत आहे. ती मी शोकसभेत मांडीन. (सही)